तापाच्या वहीतून : साथरोग सर्वेक्षण पाहणाऱ्यांना एका तालुक्यातल्या डॉक्टरचं खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या साथरोग सर्वेक्षणाची जबाबदारी सांभाळणारे सर्व अधिकारी

सविनय नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्या तालुक्यात पावसाळ्यापूर्वीची साथरोग बैठक झाली. आम्हा खासगी डॉक्टरांनाही बोलावणं होतं, म्हणून दुपारची ओपीडी लवकर आटोपून गेले. दारातच एक छापील तक्ता हातात मिळाला. डेंग्यू, मलेरिया, चिकुनगुन्या, लेप्टो, गॅस्ट्रो, कावीळ. प्रत्येकाला स्वतंत्र रकाना, त्यात मागच्या वर्षीचे आकडे आणि यंदाची तयारी. फ्लूला रकाना नव्हता. विचारलं, तर उत्तर आलं, "मॅडम, तो 'इतर'मध्ये धरलाय." पुढचा विषय धूरफवारणीचा होता. बैठक संपून चहा झाला, लोक उठले, तरी माझं मन त्या 'इतर'पाशीच अडकलं होतं. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघड लिहिते आहे.

मी तालुक्याच्या गावी २२ वर्षं जनरल प्रॅक्टिस करते. माझ्या टेबलाच्या उजव्या खणात दोनशे पानी वही असते. ताप आणि खोकला घेऊन आलेला प्रत्येक पेशंट म्हणजे त्या वहीत एक उभी रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. रात्री दवाखाना बंद करताना बेरीज करायची आणि शेजारी त्या दिवशीचे एकूण पेशंट लिहायचे. ही सवय मला २००९ च्या ऑगस्टने लावली. ३ ऑगस्टला स्वाईन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या, आणि आमच्यासारख्या लांबच्या गावातही लोक नाकातोंडाला रुमाल बांधून दवाखान्यात येऊ लागले. रोज शंभर जण एकच विचारत होते, "मॅडम, आपल्याकडे आलाय का?" मला उत्तर देता येत नव्हतं. निदान माझ्याकडे येणाऱ्यांचा हिशेब तरी ठेवावा, म्हणून वही घातली. आज आठवी वही चालू आहे.

आता मला ज्या गोष्टीने हे लिहायला बसवलं, ती सांगते. तीन वर्षांपूर्वीचा श्रावण. एक २६ वर्षांची मुलगी, सातवा महिना, दुसऱ्या दिवसाचा ताप, अंग मोडून आलेलं, कोरडा खोकला. तालुक्यात त्या वेळी ज्याच्या त्याच्या तोंडी डेंग्यू होता. पेपरात डेंग्यू, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर डेंग्यू, गप्पी मासे, कोरडा दिवस. तिच्या सासूने बसायच्या आधीच विचारलं, "पेशी बघायच्या का?" आम्ही पेशी बघितल्या. १ लाख ६० हजार. डेंग्यूची एनएस१ तपासणी निगेटिव्ह. पॅरासिटामॉल दिलं, भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि परवा पुन्हा पेशी करायला बोलावलं. परवा ती आली तेव्हा एक वाक्य सलग बोलू शकत नव्हती. ऑक्सिजन ८८. जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. घशाचा स्वॅब घेतल्यापासून सहाव्या दिवशी रिपोर्ट आला : एच१एन१, म्हणजे स्वाईन फ्लू. तोवर बाळ गेलं होतं. ती १९ दिवसांनी घरी परतली. अजूनही माझ्याकडेच येते. जिना चढून आल्यावर बाकावर थोडा वेळ बसते, मगच आत येते.

चूक माझी होती. गर्भवतीला ताप-खोकला असेल तर रिपोर्टची वाट न पाहता ऑसेलटॅमिविर ही फ्लूवरची गोळी सुरू करायची, ती पहिल्या ४८ तासांत पोटात गेली तर सर्वांत जास्त उपयोगी पडते, हे मला पाठ होतं. गोळीही तेव्हा साध्या मेडिकलमध्ये मिळत होती. २०१७ पासून तिच्यावरची कडक बंधनं उठली आहेत. मी तिच्या नवऱ्याला समोर बसवून हे सगळं सांगितलं. हे पत्र ती चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यासाठी नाही.

पण त्याच रात्री मी वही काढली. आदल्या तीन आठवड्यांच्या बेरजा पाहिल्या : ४१, ६६, ११८. एकूण पेशंट मात्र तिन्ही आठवडे जवळपास तेवढेच. साथ माझ्याच खणात नोंदलेली होती. ती मला दिसली नाही, कारण एका दवाखान्याच्या रेघा वाढल्या तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? शेजारचे डॉक्टर गावाला गेले असतील, बाजाराचा दिवस असेल, ऋतुबदल असेल. आपल्या रेघा दुसऱ्याच्या रेघांशेजारी ठेवल्या तरच त्या बोलतात. दीड महिन्यानंतर एका लग्नात शेजारच्या तालुक्यातले डॉक्टर भेटले. जेवता जेवता म्हणाले, आमच्याकडे तर तुमच्या केसच्या आदल्या आठवड्यातच दोन पॉझिटिव्ह होते. आमच्या दोन गावांत ३० किलोमीटरचं अंतर आहे. ती बातमी मला दीड महिन्याने, जेवणाच्या पंगतीत कळली.

डॉक्टरच्या डोक्यात आजारांची एक रांग असते. ताप म्हटला की जो आजार रांगेत पहिला उभा असेल, त्याचा विचार आधी होतो, त्याची तपासणी आधी होते, त्याचं औषध आधी सुटतं. ती रांग कोण लावतं? निम्मी पुस्तकं लावतात, आणि निम्मी 'सध्या काय चालू आहे' ही बातमी लावते. ती बातमी द्यायचं काम तुमचं आहे. त्या आठवड्यात मला फक्त डेंग्यूची बातमी मिळाली होती.

तुमची माणसं काम करत नाहीत असं मी मुळीच म्हणत नाही. उपकेंद्राच्या सिस्टर लक्षणांवरून संशयितांचा एस फॉर्म भरतात, प्राथमिक आरोग्य केंद्राचे (पीएचसी) डॉक्टर संभाव्य रुग्णांचा पी फॉर्म भरतात, लॅबवाले तपासून सिद्ध झालेल्यांचा एल फॉर्म भरतात. २००४ साली देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण सुरू झालं, २०२१ पासून सगळं ऑनलाईन पोर्टलवर आलं आणि कागद आठवडाभर फिरायचे ते थांबलं. आशाताई ४० अंशांच्या उन्हात घरोघर फिरतात. माहिती गोळा होते आहे. ती गावाकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून राज्याला, राज्याकडून दिल्लीला जाते. परत गावात येत नाही, एवढंच माझं गाऱ्हाणं आहे.

आमच्यापर्यंत जे पोहोचतं ते पेपरातून, आणि बहुतेक एकाच साच्यात : जानेवारीपासून आजपर्यंत राज्यात इतके बाधित, इतके मृत्यू. एकत्रित बेरीज. बेरीज कधी खाली येत नाही. साथ चढते आहे की उतरते आहे, हे तिच्यावरून कळायला मागची बातमी कापून ठेवलेली असावी लागते आणि वजाबाकी करावी लागते. ती वजाबाकी मी करते, पण प्रत्येक दवाखान्याने ती का करायची?

दुसरं गाऱ्हाणं याहून मोठं. पॉझिटिव्ह किती ते सांगितलं जातं, तपासले किती ते त्याच बातमीत क्वचितच असतं. एखाद्या जिल्ह्यात ४० रुग्ण. १०० नमुन्यांतले ४० की ४००० नमुन्यांतले ४०? पहिल्यात आग लागली आहे, दुसऱ्यात नुसता धूर आहे. शिवाय ज्या जिल्ह्यात तपासणीची सोय नाही तो जिल्हा तक्त्यात निरोगी दिसतो आणि जिथे मोठी प्रयोगशाळा आहे ते शहर कायम आजारी दिसतं. शून्य म्हणजे 'आढळला नाही' की 'शोधला नाही', हे वाचणाऱ्याला कळायला नको का?

यात आणखी एक मेख आहे, जी सामान्य वाचकाला माहीत नसते. मार्गदर्शक सूचनांनुसार फ्लूच्या रुग्णांचे अ, ब आणि क असे गट पडतात. साधा ताप-खोकला म्हणजे अ. जास्त ताप, किंवा गर्भवती, लहान मूल, वृद्ध, दम्याचा, हृदयाचा, मधुमेहाचा रुग्ण म्हणजे ब. धाप, छातीत दुखणं, रक्तदाब उतरणं, नखं निळी पडणं म्हणजे क. स्वॅब घ्यायचा तो मुख्यतः क गटाचा. म्हणजे तुमचे आकडे जन्मतातच रुग्णालयात, आजार अंगावर काढून झाल्यावर. गावात फ्लू किती पसरला आहे हे त्यावरून कळणं शक्य नाही. उपचारासाठी ही वर्गवारी बरोबरच आहे आणि ती बदला असं मी म्हणत नाही. सरसकट सगळ्यांचे स्वॅब घ्या असंही म्हणत नाही. ते परवडणारं नाही आणि त्याची गरजही नाही.

गरज कशाची आहे ते आपल्या राज्याला चांगलं ठाऊक आहे, कारण पावसाच्या बाबतीत आपण तेच करतो. प्रत्येक शेतात पडलेला पाऊस कोणी मोजत नाही. महसूल मंडळात पर्जन्यमापक असतो, रोजचा आकडा मिलिमीटरमध्ये लागतो, आणि २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की ती अतिवृष्टी. त्यावर वाद होत नाही, पंचनाम्याचं चक्र फिरायला लागतं. शेतकरी मोबाईलवर आपल्या मंडळाचा पाऊस बघतो आणि फवारणी करायची की थांबायचं ते ठरवतो. फ्लूसाठीही हाच मार्ग जगभर रुळलेला आहे. ठरावीक दवाखाने निवडायचे. त्यांनी दर आठवड्याला दोन आकडे द्यायचे : एकूण किती पेशंट आले आणि त्यांतले किती फ्लूसदृश आजाराचे. व्याख्याही जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिली आहे : ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, सोबत खोकला, आणि आजार गेल्या १० दिवसांतला. यातल्याच ज्याला रुग्णालयात दाखल करावं लागतं, तो तीव्र श्वसनविकाराचा रुग्ण. त्याचा हिशेब वेगळा. यांतल्या मोजक्या पेशंटचे स्वॅब नेमाने तपासायचे, म्हणजे शंभरात किती फ्लू आणि त्यात एच१एन१, एच३एन२ आणि बी हे फ्लूचे प्रकार किती किती हे निघतं. मागच्या काही वर्षांच्या आकड्यांवरून एक रेषा ठरवायची. सलग आठवडे रेषेच्या वर गेले की हंगाम सुरू झाला असं जाहीर करायचं.

हे आपल्याला जमणार नाही असं कोणी म्हणू नये. जगभरच्या प्रयोगशाळांचं फ्लूवर नजर ठेवणारं जाळं १९५२ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं, जे आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखलं जातं. कुठला विषाणू फिरतो आहे हे जगाला सांगणाऱ्यांत आपल्या राज्यातली संस्था आहे. या जाळ्याने आठवड्यामागून आठवडा नेमाने मोजलं, म्हणूनच बी फ्लूची यामागाता ही शाखा मार्च २०२० नंतर दिसेनाशी झाल्याचं लक्षात आलं आणि लशीतून ती काढता आली. पुण्याला इतकं बारीक दिसतं, आणि पुण्यापासून काही तासांवरच्या माझ्या तालुक्याला या आठवड्यात फ्लू आहे की नाही हे सांगणारं कोणी नाही.

फ्लू हा थंडीचा आजार आहे, ही समजूत आपण बाहेरून घेतली आहे. श्रीनगरला ते खरं आहे. आपल्याकडे जोर बहुधा पावसाळ्यात असतो, आणि काही वर्षी जानेवारी ते मार्चमध्येही. २०१५ ची मोठी साथ फेब्रुवारी-मार्चमधली. त्या वर्षी राज्यात एच१एन१ने ९०५ मृत्यू नोंदले गेले. २०१७ मध्ये ७७८, देशात सर्वाधिक. हे फक्त तपासून सिद्ध झालेले. डेंग्यू आणि फ्लू एकाच महिन्यात, एकाच घरात, एकाच तापाच्या रूपाने येतात, म्हणून तर दोघांचेही आकडे शेजारी शेजारी हवेत. एकाला रकाना आणि दुसरा 'इतर'मध्ये, असं करून कसं चालेल?

अजून एक. मी स्वॅब पाठवते तेव्हा व्हीटीएमची (विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवाची) नळी, बर्फाचा डबा आणि कोणाच्या तरी मोटारसायकलचा भरवसा, एवढ्यावर तो जातो. रिपोर्ट रुग्णालयाकडे येतो, वर जातो, पण ज्या डॉक्टरने पेशंट पहिल्यांदा पाहिला त्याच्याकडे येत नाही. त्या मुलीचा रिपोर्ट मला तिच्या दिराने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवला. मला तो वेळेत मिळाला असता तर त्या आठवड्यात आलेल्या बाकीच्या दोन गर्भवतींना मी त्याच दिवशी फोन केला असता. त्या दोघी बऱ्या झाल्या, तो त्यांच्या नशिबाचा भाग.

वर्गखोल्याही बोलतात, पण त्यांचं ऐकायला कोणी बसवलेलं नाही. १९१८च्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएन्झा आला तेव्हा पहिली खूण कुठल्या प्रयोगशाळेत उमटली नव्हती. गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने आडवे झाले, मग ऑफिसांत, गिरण्यांत माणसं गैरहजर पडू लागली. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. आज प्रत्येक शाळेत हजेरी लागते. चौथीच्या वर्गात सोमवारी ३५ पैकी १४ मुलं नसतील तर ती बातमी पीएचसीपर्यंत जायला काय हरकत आहे? आमच्या गावातल्या एक शिक्षिका मला असा फोन आपणहून करतात. एवढ्यावरून मला दोनदा आधी सावध होता आलं.

आकडे उघड केले तर घबराट होईल, असं मला त्या बैठकीनंतर एकाने समजावलं. मी २००९ पाहिलं आहे. तेव्हा लोक घाबरले होते ते आपल्या गावात काय आहे हे माहीत नव्हतं म्हणून. धरणातून पाणी सोडण्याआधी नदीकाठच्या गावांना इशारा देतात. गाव घाबरेल म्हणून कोणी तो दडवत नाही. लोक गुरं सोडून वर नेतात. तसंच इथेही आहे. फ्लू वाढला आहे हे कळलं तर घरातल्या आजीला गर्दीच्या लग्नाला नेणार नाहीत, तापलेल्या मुलाला शाळेत पाठवणार नाहीत, आणि पोटुशी बाई खोकायला लागली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहणार नाहीत.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, मराठीत, जिल्हावार फ्लूचं पत्रक निघावं. त्यात चालू आठवड्याचा आकडा असावा, मागच्या आठवड्याचा असावा, आणि मागच्या वर्षी याच आठवड्यात काय होतं ते असावं. शून्य असेल तेव्हाही ते निघावं.

पॉझिटिव्हशेजारी तपासलेले नमुने छापले जावेत. जिथे नमुना घेतलाच नाही, तिथे शून्य न लिहिता 'तपासणी नाही' असं लिहावं.

प्रत्येक तालुक्यात किमान दोन दवाखाने, एक सरकारी आणि एक खासगी, पहारेकरी म्हणून नेमावेत. बहुतेक लोक तापाला पहिल्यांदा खासगी दवाखान्यात जातात. तिथली नजर सोडून हंगामाची सुरुवात पकडता येणार नाही. त्यांच्यावर मोठे फॉर्म लादू नका. आठवड्याला दोन आकडे मागा, सगळे देतील.

स्वॅबचा रिपोर्ट येईल त्याच दिवशी पहिल्या डॉक्टरला कळवावा.

गंभीर रुग्णांचा आणि मृत्यूंचा तपशील वयोगटानुसार आणि गर्भवती, मधुमेही अशा गटांनुसार द्यावा, नावगाव न देता. मृत्यूचं डेथ ऑडिट, म्हणजे कारणाची छाननी, होईपर्यंत तो आकड्यात धरला जात नाही हे मला समजतं. पण तोवर 'तपासणी चालू' असा रकाना असू द्यावा.

आणि लस. २०१५ पासून गर्भवती, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना मोफत फ्लूची लस द्यायला राज्याने सुरुवात केली, याबद्दल मी तुम्हाला मनापासून धन्यवाद देते. ती मेअखेरपर्यंत टोचून व्हावी. अंगात प्रतिकारशक्ती यायला साधारण दोन आठवडे लागतात. साथ पेपरात आल्यावर दिलेल्या लशीचा अर्धा उपयोग वाया जातो. किती लशी आल्या आणि किती दिल्या, हेही त्याच पत्रकात असावं.

बैठकीतल्या त्या तक्त्यावर 'इतर'च्या शेजारी मी पेनाने 'फ्लू' असा रकाना आखला आहे. गेल्या सोमवारपासून रविवारपर्यंत माझ्याकडे ४१२ पेशंट आले, त्यांतले ३७ ताप आणि खोकल्याचे. एक गर्भवती होती; तिला पहिल्याच दिवशी गोळी सुरू केली, ती बरी आहे. हा आकडा मी दर सोमवारी सकाळी द्यायला तयार आहे, त्यासाठी मानधन नको. तो कोणाकडे पाठवायचा, एवढं कळवावं.

आपली विश्वासू,
तालुक्याच्या गावातली एक डॉक्टर